आधी आपली जीभ

मी त्या शाळेत रुजू व्हायला गेले तेव्हा ओसरीवर एकोणतीस लहान मुलं रांगेनं उभी होती आणि त्यांच्यासमोर पन्नाशीच्या एक उंच, काटकुळ्या बाई जीभ बाहेर काढून उभ्या होत्या. जीभ निळी होती.

"निळा! निळा!" मुलं ओरडली.

बाईंनी जीभ आत घेतली, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "तू नवी ना? चपला तिकडं काढ. इथं चिखल वाळतोय."

मला वेड्या बाईच्या हाताखाली नेमलं आहे, अशी माझी समजूत झाली. पुढच्या तीन वर्षांत ती पुष्कळ वेळा बदलली, पण पार गेली असं मी आजही म्हणणार नाही.

गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. मी वीस वर्षांची होते. व्हर्नाक्युलर फायनल आणि ट्रेनिंगचं एक वर्ष पदरात होतं. लोणावळ्याला भावाच्या रेल्वे क्वार्टरात राहायचं, सकाळच्या गाडीनं मळवलीला उतरायचं आणि खाचरांच्या बांधावरून अर्धा तास चालायचं, की डोंगराच्या पायथ्याचं ते गाव. शाळेच्या वरच्या इयत्ता हेडमास्तर बघत. बिगरी, म्हणजे पहिलीच्या आधीचा लहानग्यांचा वर्ग, बाईंकडं होती, आणि त्यांना मदतनीस म्हणून मी. गावाच्या तोंडी त्या 'मोठ्या बाई' आणि मी 'धाकल्या बाई'.

बिगरीत विकत आणलेलं असं काही नव्हतं. रंग, खळ, कुंचले, खेळणी, बाहुल्या, मुखवटे, सगळं बाईंनी केलेलं किंवा मुलांकडून करून घेतलेलं. हळदीचा पिवळा, गोकर्णाच्या फुलांचा निळा, मेथीच्या पाल्याचा हिरवा, चुलीतल्या कोळशाचा काळा. त्यात बाभळीचा डिंक घोटून हे रंग करवंट्यांत भरलेले असत. शिंदीच्या काड्यांची टोकं ठेचली की कुंचले होत. कारवीच्या काड्यांच्या गाड्या, त्यांना भोपळ्याच्या सालीची चाकं. आणि यातली एकही वस्तू बाईंच्या तोंडातून गेल्याशिवाय मुलांच्या हाती जात नसे.

"मुलाच्या हातात दिलं म्हणजे तोंडात दिलं," त्या म्हणायच्या. "मधे फक्त पाच मिनिटं जातात."

म्हणून नियम असा: आधी आपली जीभ. नवा रंग केला की चिमूटभर जिभेवर ठेवायचा, गिळायचा, एक दिवस थांबायचं. दुसऱ्या दिवशी बाई धडधाकट शाळेत आल्या, की रंग पास. रोजच्या रंगांचीही सकाळी चव व्हायची, कारण करवंटीत रात्रीतून काय पडलं ते सांगता येत नाही. मग मुलं रांग लावून 'बाई, जीब दाकवा' म्हणत आणि जीभ पाहून आजचा रंग ओळखत. हजेरी त्यानंतर. काही मुलं नुसती या जिभेसाठी डोंगर उतरून यायची. वरच्या वाडीतली मुलं तर शाळेत टिकत नाहीत असं हेडमास्तर सांगत, पण बिगरीत त्यांच्यातली नऊजण होती आणि पावसातसुद्धा इरली घेऊन येत.

मी व्यवहारी घरातली. एकदा स्पष्ट म्हटलं, "बाई, पुण्याहून रंगाची एक पेटी मागवू. त्रास वाचेल."

"पेटीवर काय असतं?"

"मोराचं चित्र असतं."

"आत काय घातलंय ते लिहिलेलं असतं?"

"नाही."

"मग मोर तू खा."

बाईंच्या जिभेची ख्याती गावात होती. एका आबांनी पैजेनं चिखलाचे तीन गोळे आणून त्यांच्यापुढं ठेवले. कुठल्या खाचरातला कुठला ते ओळखा, म्हणाले. मुलांना मूर्ती करायला चिखल लागायचा, त्यामुळं आसपासची सगळी माती बाईंनी चाखलेली होती. त्यांनी तिन्ही गोळ्यांतलं नखभर नखभर जिभेवर ठेवलं.

"हा ओढ्याकडचा. हा तुमच्या दारातला, यात शेण आहे. आणि हा तुमचा नाही, आबा. शेजारच्या खाचरातला आहे."

"माजा न्हाई कसा? माज्या बांदाच्या आतून काडलाय न्हवं!"

"असेल. बांध हलला असेल. माती हललेली नाही."

आबांनी तिन्ही गोळे गोळा केले. मग म्हणाले, "बाई, हे हितंच ऱ्हाऊ द्या." ऱ्हायलं नाही, आठ दिवसांत गावभर झालं. बाईंनी ते सांगितलं नव्हतं. ओसरीवर एकोणतीस साक्षीदार होते.

कागदाच्या लगद्यासाठी त्या वडगावला जाऊन कचेरीच्या बाहेर लोकांचे अर्ज लिहीत बसणाऱ्या कारकुनाकडून रद्दी आणत. ती भिजवायची, उखळात कुटायची, चिंचोक्याची खळ आणि कीड लागू नये म्हणून मेथीचं पीठ घालायचं. त्याचे मुलं पोपट करत. भिंतीवर पोपट वाळत लावलेले असत आणि बाई मला एकेक दाखवून सांगत, "याच्या पोटात सासूवर केलेली फिर्याद आहे. याच्या पोटात हरवलेली म्हैस." हे सांगताना चेहऱ्यावर रेषही हलत नसे. त्या थट्टा करतात की वस्तुस्थिती सांगतात, हे मला कधीच कळलं नाही.

त्या चुकायच्याही. एकदा ओढ्याकाठचं रानअळू हिरव्या रंगासाठी चाखलं आणि जीभ एवढी सुजली की दोन दिवस तोंड मिटेना. वर्ग त्यांनी टाळ्यांवर चालवला. एक टाळी म्हणजे बसा, दोन म्हणजे करवंट्या उचला, तीन म्हणजे नाक पुसा. मी घरी जा म्हटलं तर पाटीवर लिहून दाखवलं: 'पाला बाद.'

एक रंग मात्र त्यांना साधत नव्हता. तांबडा. गेरू तपकिरी दिसे. हळदीत चुना घातला की झकास तांबडं होई, पण वाळल्यावर विटे. तांबड्या माठाचं पाणी दुसऱ्या दिवशी मळकट. बाजारच्या कुंकवात कोण काय मिसळतं याचा भरवसा नाही म्हणून ते बाद. त्यामुळं आमच्या सगळ्या पोपटांच्या चोची तपकिरी होत्या. वरच्या वाडीतली भिमी म्हणून पाच वर्षांची एक पोर होती, आवाज खणखणीत. तिनं एकदा विचारलं, "बाई, आपलं पोपट आजारी हायेत का?"

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

माघात तपासनीस येणार असं पत्र आलं. आदल्या वर्षीच्या तपासनीसांनी शेरेबुकात लिहून ठेवलं होतं की बिगरीत अध्यापन आढळत नाही, मुले चिखलात खेळतात, पुढील तपासणीत सुधारणा न दिसल्यास वर्ग बंद करावा. वर्ग बंद म्हणजे बाईंची बदली, आणि वाडीतली नऊ मुलं पुन्हा डोंगरावर. हेडमास्तर रोज येऊन म्हणत, "बाई, निदान बाराखडी तरी भिंतीवर लावा." बाई म्हणत, "लावू." आणि पोपट करत.

शनिवारी मी निघताना बाईंनी हाक मारली. "लोणावळ्याहून येताना शेंद्री आण गं. मिळते तिकडं. तांबड्याचं काम होईल."

मी 'हो' म्हटलं. मी काय ऐकलं ते सांगते. मी ऐकलं 'शेंदरी'. शेंदरी रंग म्हणजे शेंदूर, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. बाजारातून मी शेंदराची पुडी घेतली. शेंद्री नावाचं झाड असतं, बंगल्यांच्या बागांतून ते लावतात, त्याच्या केसाळ बोंडांतल्या बियांनी हात लाल होतात, हे माझ्या गावीही नव्हतं. भावाच्या क्वार्टरात बाग नव्हती.

सोमवारी बाईंना यायला उशीर झाला. वडगावची रद्दी आणायला गेल्या होत्या. तपासनीस गुरुवारी यायचे होते. मी वेळ दवडत नाही. शेंदूर डिंकाच्या पाण्यात घोटला, करवंटी भरली आणि मुलांपुढं ठेवली. मुलं आधी माझ्याकडं बघत राहिली. भिमी म्हणाली, "बाई, तुमची जीब?"

मी म्हटलं, "देवाचा शेंदूर आहे. मारुतीला लावतात. रंगवा गुमान."

अर्ध्या तासात पोपटांच्या चोची अशा पेटल्या की मलाच आनंद झाला. तेवढ्यात बाई आल्या. डोक्यावरचं रद्दीचं गाठोडं तसंच खाली टाकलं.

"कुणाची जीभ लागली याला?"

मी शेंदराची पुडी पुढं केली.

त्यांनी करवंटी उचलली, हुंगली आणि मुलांच्या तोंडाकडं बघत रांगेतून गेल्या. भिमीपाशी थांबल्या. तिचे ओठ आतून लाल होते.

"किती बोटं चाटलीस?"

भिमीनं दोन बोटं दाखवली. "गोड लागतंय," म्हणाली.

बाईंनी बाकीच्या मुलांना राखेनं हात धुवायला मला पिटाळलं आणि भिमीला कोमट मिठाचं पाणी पाजायला घेतलं. नेमकी तेव्हाच तिची आई स्टेशनावर मोळी विकून वर चालली होती, ती ओसरीशी आली. पोरीचं तोंड पाहिलं, करवंटी पाहिली आणि डोक्यावरची चुंबळ जमिनीवर आपटली.

"शेंदूर चारला? माज्या पोरीला शेंदूर चारला? आवं, आवाज जातो त्यानं! मुकी व्हईल ना पोर! मुक्या पोरीला कोन पदरात घेईल? तुमी घेनार का?"

गाणाऱ्याचा आवाज घालवायला वैरी विड्यातून शेंदूर चारतात, हे मीही लहानपणी ऐकलेलं होतं. मारुतीला लावतात तेवढं आठवलं, हे आठवलं नाही. शेंदरात शिसं असतं हे तर मला पुष्कळ वर्षांनी समजलं.

मी पुढं होऊन म्हणणार होते की चूक माझी. बाईंनी हातानं थांबवलं. त्या भिमीच्या आईला म्हणाल्या, "मला माहीत नाही काय होईल ते. मी हा रंग चाखलेला नाही. पण थांब, सांगते."

मग त्यांनी जे केलं ते मी बारा फुटांवरून पाहिलं. त्यांनी भिमीला उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि खाली ठेवलं. "ही एवढी. मी हिच्या तिप्पट. हिची दोन, तर माझी सहा." त्रैराशिक मांडतात तसं, मोठ्यानं. भिमीच्या बोटाएवढी कारवीची काडी मोडून घेतली आणि त्या मापानं सहा वेळा शेंदूर काढून चाटला. घाई नाही, तोंड वाकडं नाही. सहावी काडी चाटून झाल्यावर जीभ काढून भिमीच्या आईला दाखवली.

भिमीची आई म्हणाली, "बाई, तुमी येड्या हाय का वं?"

"हो. बस इथं."

ती बसली. भिमीला दोनदा उलटी झाली, त्यातून बराच लाल रंग पडला. मी बाईंपुढं मिठाच्या पाण्याचा तांब्या धरला. त्यांनी तो बाजूला केला.

"मी ओकले तर कळायचं काय? तिच्या पोटात किती राहिलं ते आपल्याला दिसत नाही. माझ्या पोटात सगळं आहे. मी धड राहिले तर ती राहीलच."

मी ते वाक्य तेव्हापासून तपासून पाहते आहे. त्यात मला चूक सापडलेली नाही. आणि कुठलंही शहाणं माणूस तसं करणार नाही, हेही खरं आहे.

तिघी दुपारभर ओसरीवर बसल्या होत्या. बाई मधून मधून आपली नाडी बघत आणि भिमीला काही विचारत. दुपार उलटली तेव्हा भिमीनं भाकरी मागितली. बाईंच्या कपाळावर घाम होता आणि त्या पोट धरून बसल्या होत्या, तरी भाकरीचे तुकडे त्यांनीच मोडून दिले. "आज नेऊ नको हिला पाण्यात. उद्या आण," एवढं त्या आईला म्हणाल्या. मी ऐकलेलं त्यांचं ते शेवटचं धड वाक्य.

दुसऱ्या दिवशी भिमी गात गात डोंगर उतरली. बाई आल्या त्या राखेच्या रंगाचा चेहरा घेऊन, आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. नुसती हवा. मी त्यांना ओढून लोणावळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, घसा आधीच धरलेला असेल, थंडीचे दिवस आहेत, शेंदरानं आवाज जातो ही बायकांची समजूत. असेल. मी डॉक्टर नाही. मी एवढंच सांगते की सोमवारी आवाज होता आणि मंगळवारी नव्हता.

परतताना गाडीत मी रडले. माझ्यासाठी ते नवीन होतं. बाईंनी पिशवीतून पाटी काढली आणि लिहिलं: 'चूक माझी. शेंद्री लिहून द्यायला हवं होतं.' मी वाचल्यावर ते पुसलं आणि खाली लिहिलं: 'पोपट धू.'

तेव्हा गुरुवारी तपासनीस आले ते तपकिरी चोचींचे पोपट आणि मुकी बाई बघायला. स्थूल, सज्जन गृहस्थ होते, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी बाईंना काही विचारलं. बाईंनी गळ्याला हात लावला. हेडमास्तर म्हणाले, "त्यांचा आवाज बसलाय, साहेब." साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मुलांना विचारलं, "काय शिकलात?" मुलं बाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. एक मिनिट गेलं. मला वाटलं, संपलं.

साहेबांनी मग कोटाच्या खिशातून रंगीत गोळ्यांची पुडी काढली आणि मुलांना एकेक वाटली. हिरव्या, गुलाबी. असली गोळी त्यांतल्या निम्म्यांनी जन्मात पाहिली नव्हती. एकानंही तोंडात घातली नाही. एकोणतीस मुठी मिटलेल्या.

"खा की," साहेब म्हणाले.

"आदी तुमी," भिमी म्हणाली.

"मी?"

"आदी तुमची जीब. मग आमची."

साहेबांनी बाईंकडं पाहिलं, बाईंनी मान हलवली: बरोबर आहे. साहेबांनी हिरवी गोळी तोंडात टाकली, चघळली, आणि काय वाटलं कोण जाणे, जीभ बाहेर काढली.

"हिरवा!" अख्खा वर्ग ओरडला.

"आता खाल ना?"

"उंद्या," भिमी म्हणाली.

"उद्या का?"

"तुमी उंद्या बरं असला, तर."

मला नियम समजावून सांगावा लागला. सांगता सांगता शेंदराचंही सांगून टाकलं, हेडमास्तर डोळे वटारत होते तरी. साहेब ऐकत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि शेरेबुक मागितलं. मुलांनी गोळ्या कोनाड्यात एका ओळीत मांडून ठेवल्या. शेरेबुकात साहेबांनी दोनच ओळी लिहिल्या: 'बिगरीतील मुले थांबतात. वर्ग चालू ठेवावा.'

शनिवारी हेडमास्तरांच्या नावे कार्ड आलं: 'मी बरा आहे. मुलांनी गोळ्या खाण्यास हरकत नाही.' हेडमास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. मग गोळ्या गेल्या.

बाईंचा आवाज चैत्रात थोडा आला, घोगरा, पातेलं खरवडल्यासारखा. तो तसाच राहिला. त्या शेंदरावरून मला त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मीच मधून मधून विषय काढायचे, तेव्हा त्या टाळ्या वाजवायच्या. तीन. नाक पूस.

पण आवाज यायच्या आधी, फाल्गुनात एक दिवस, भिमीची आई सकाळी सकाळी ओसरीशी उभी राहिली. मोळी नव्हती. पदरात काहीतरी होतं. तिनं बाईंना विचारलं, "भिमी सांगत हुती, त्ये धाकल्या बाईला आनाया सांगितलं हुतं त्ये शेंद्री म्हंजी ह्येच न्हवं? लोनावळ्याच्या बंगल्यावर लाकडं टाकाया गेलते. माळीबाबाला इचारलं, तवा त्यानं दिली." पदर सोडला. तांबूस, केसाळ बोंडं होती, सुकून उकललेली.

बाईंनी हात पुढं केला, तर तिनं पदर मागं घेतला.

"थांबा वं. तुमी लय खाल्लं."

तिनं एक बोंड फोडलं, लाल बिया तळहातावर घेतल्या, तोंडात टाकल्या, चावल्या, गिळल्या. मुलं रांगेत उभीच होती. तिनं त्यांच्याकडं तोंड करून जीभ बाहेर काढली, लाजणं नाही, काही नाही.

"तांबडा!" भिमी सगळ्यांत आधी ओरडली.

बाई जागच्या हलल्या नाहीत. इतक्या वर्षांत आपल्या रंगासाठी दुसऱ्या कुणाची जीभ बघायची त्यांच्यावर पाळी आली नव्हती. त्यांनी ती नीट पाहिली, वाकून, अगदी मुलांसारखी.

मी तिथंच उभी होते. मला कुणी सांगितलं नाही. मी भिमीच्या आईच्या तळहातावर उरलेल्या बिया उचलल्या आणि तोंडात घातल्या.

शेंद्रीला म्हणावी अशी चव नसते, थोडी मातकट. एवढं मी खात्रीनं सांगू शकते.